एका कामापुरते हत्यार

साधन आणि साध्य यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न आपल्याकडे बहुधा राजकारणाच्या संदर्भात चर्चिला जातो. साध्य शुद्ध असेल तर साधनाची फार चिकित्सा करू नये, असे मानणारा एक पक्ष. आणि साधन अशुद्ध असेल तर साध्य शुद्ध राहूच शकत नाही, असे मानणारा दुसरा. गांधीजींनी १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’त साधनाला बीजाची आणि साध्याला वृक्षाची उपमा दिली. पुढे ‘साधनशुचिता’ हा शब्द मराठी वैचारिक लेखनात चांगलाच रुळला. परंतु या साऱ्या ऊहापोहात ‘साधन’ हा शब्द इतका अमूर्त होऊन बसला आहे की, हातात धरायचे, लोखंडाचे किंवा लाकडाचे, वजन असलेले साधन आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. कारागिराच्या बाकावर मात्र हा प्रश्न रोज मूर्त स्वरूपात उभा असतो. तेथे साधनाचा दोष साध्यात कसा उतरतो हे तर्काने सिद्ध करावे लागत नाही. तो धातूवर उमटलेला दिसतो.

म्हणून या लेखापुरते क्षेत्र मुद्दामच लहान घेतले आहे. एखाद्या जुन्या, कारखान्यातून निघणे कधीच थांबलेल्या मोटारीची गियरपेटी संपूर्ण खोलावयाची आणि पुन्हा जोडावयाची, एवढेच काम. या कामाला काही खास हत्यारे लागतात. ती बाजारात मिळत नाहीत आणि दुसऱ्या कोणत्याही कामी पडत नाहीत. प्रश्न असा की, जे काम आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करावयाचे, त्यासाठी स्वतंत्र हत्यार शोधणे वा घडवणे हे कारागिराचे कर्तव्य आहे, की केवळ हौस?

उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाची जीप घेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, विलीसने नागरी उपयोगाची जीप काढली आणि तिला ‘टी-९०’ या नावाची तीन गतींची गियरपेटी दिली. १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या जीपमध्येही हीच पेटी होती. महिंद्र कंपनीने ती जीप आपल्या देशात बांधली. त्यामुळे ही पेटी सह्याद्रीच्या घाटांतून, बेळगावच्या लाल मातीतून आणि माळव्याच्या काळ्या मातीतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. आज तिच्यापैकी पुष्कळ पेट्या वयाने साठीच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्या उघडण्याची वेळ येते ती बहुधा अशा हातांवर, ज्यांनी ती पूर्वी कधीच उघडलेली नसते.

पेटीची रचना थोडक्यात अशी. वरच्या अंगास मुख्य दंड असतो आणि त्याच्या खाली उपदंड. हा उपदंड स्वतः फिरत नाही. त्याच्याभोवती दातेरी चाकांचा एक अखंड गुच्छ फिरतो. गुच्छ आणि दंड यांच्या मधल्या पोकळीत सुईसारख्या बारीक पोलादी कांड्या दंडाला समांतर, एकीला लागून एक अशा बसवलेल्या असतात. या सुयांना धरून ठेवणारा पिंजरा नाही. दंड आत आहे तोवर त्या जागेवर राहतात. दंड बाहेर काढला की एकामागून एक गळून पडतात. जोडणी करताना अडचण अशी येते की, हा गुच्छ प्रथम पेटीच्या तळाशी निजवून ठेवावा लागतो. वरचा मुख्य दंड बसल्यावर त्यास उचलून, दोन्ही टोकांचे वायसर न हलवता, खरा दंड आत सारावा लागतो. मधल्या वेळात त्या सुया कोण सांभाळणार?

यासाठी जे हत्यार योजले गेले, त्याच्याइतके साधे आणि त्याच्याइतके विचारप्रवर्तक हत्यार क्वचितच आढळेल. गॅरेजमध्ये त्याला ‘डमी शाफ्ट’ म्हणतात. आपण त्याला प्रतिदंड म्हणू. जाडीने खऱ्या दंडाहून किंचित कमी, लांबीने गुच्छाएवढाच, दोन्ही टोकांच्या कडा मारलेला असा हा एक गोल तुकडा. तो गुच्छात घालावयाचा, त्याच्याभोवती ग्रीसमध्ये सुया बसवावयाच्या आणि गुच्छ तळाशी ठेवावयाचा. पुढे खरा दंड आत येऊ लागला की तो प्रतिदंडाच्या टोकाला टेकतो आणि त्यास पुढे ढकलत जातो. एकाने सोडावयाचे आणि दुसऱ्याने धरावयाचे, यांच्यामध्ये केसाएवढेही अंतर पडत नाही. खरा दंड पूर्ण बसतो त्या क्षणी प्रतिदंड दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्याचे काम संपलेले असते आणि पेटीत त्याची कोणतीही खूण उरत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या लेथवर तो करून घेणे हे अल्पावधीचे काम आहे. लेथ नसेल तर लाकडाचा सरळ दांडा नीट मापाला कापून, घासूनही तो करता येतो. सुया सांभाळावयाच्या आहेत, भार वाहावयाचा नाही. त्यामुळे लाकूडही पुरते.

आता खरा मुद्दा असा की, हे हत्यार नसले तरी पेटी जोडता येते. भरपूर ग्रीस, एखादे लोहचुंबक, पेचकसाचा आधार आणि कारागिराचे नशीब एवढ्यावर पुष्कळ पेट्या जोडल्या गेल्या आहेत आणि त्यांपैकी काही उत्तम चालल्याही आहेत. मग हत्यार वापरणारा आणि न वापरणारा यांच्यात नैतिक भेद कोणता? फळ एकच असेल तर मार्गाची चौकशी कशाला?

याचे उत्तर गियरपेटीच्या एका साध्या गुणधर्मात आहे: ती बंद होते. झाकण बसले, तेल भरले, की आत काय घडले आहे ते मालकाला दिसत नाही, आणि ज्याने जोडणी केली त्यालाही दिसत नाही. एक सुई कमी बसली तरी पेटी बंद होते, चाके फिरतात, गाडी दारातून बाहेर जाते. तळाशी राहिलेली ती सुई पुढे केव्हातरी दोन दातांच्या मध्ये सापडते आणि ज्या दिवशी दात तुटतो त्या दिवशी त्याचा संबंध कोणाच्याही त्या दुपारच्या घाईशी जोडला जात नाही. हत्याराने काम करणारा आणि नशिबावर काम करणारा यांच्या पेट्या पहिल्या दिवशी सारख्याच दिसतील. परंतु पहिला आपल्या कामाविषयी खात्रीने बोलू शकतो, दुसरा केवळ आशा करू शकतो. जेथे दुसऱ्याला तपासून पाहता येत नाही तेथे त्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. अशा ठिकाणी आशेला खात्री म्हणून विकणे हा असत्याचाच एक सौम्य प्रकार होय.

दुसरे उदाहरण बेअरिंगचे घेऊ. दंडावर घट्ट बसणारे बेअरिंग चढवताना बळ त्याच्या आतल्या कड्यावरच पडले पाहिजे, कारण घट्टपणा तेथे आहे. हातोडीचा घाव बाहेरच्या कड्यावर बसला तर ते सारे बळ छर्ऱ्यांमधून आत जाते आणि छर्रे ज्या गुळगुळीत वाटेवरून धावावयाचे तिच्यावर सूक्ष्म खळगे पडतात. धातूची कठीणता मोजण्याची पद्धत १९०० साली मांडणारे स्वीडनचे अभियंते ब्रिनेल यांचे नाव या खळग्यांना मिळालेले आहे. बाहेरून पाहता बेअरिंग नवेच दिसते. काही शे मैलांनंतर पेटी गुणगुणू लागते आणि मालक म्हणतो, हल्ली माल चांगला येत नाही. वास्तविक येथे लागणारे खास हत्यार म्हणजे केवळ आतल्या कड्याच्या मापाचा, तोंडे सरळ कापलेला नळीचा तुकडा. भंगारातून तो फुकट मिळण्यासारखा असतो. अभाव नळीचा नसतो. बळ कोठे द्यावयाचे याचा क्षणभर विचार करण्याचा असतो.

आपल्या भाषेत ‘हत्यार’ हा एकच शब्द शस्त्रालाही चालतो आणि अवजारालाही, आणि खंडेनवमीला आपण दोहोंची पूजा एकाच चौरंगावर मांडतो. या शब्दैक्यात एक सावधगिरीची सूचना आहे असे वाटते. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या दंडांवर वाटोळे, कडेला खाचा असलेले नट असतात. त्यांच्यासाठी चार दात असलेला खास पाना लागतो. तो नसला म्हणजे छिन्नी खाचेला लावून हातोडीने नट फिरवला जातो. त्या घटकेपुरती छिन्नी अवजार राहत नाही, शस्त्र होते. असे नट हाती आले की त्यांच्या फाटलेल्या खाचांवरून पूर्वी किती वेळा पेटी उघडली गेली ते मोजता येते. प्रत्येक घावाने नट निघाला खरा, पण पुढच्याला तो काढणे अधिक अवघड झाले. हत्याराची उणीव जोराने भरून काढणे म्हणजे पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाच्या नावावर कर्ज काढणे. ते कर्ज घेणारा सुटतो आणि ज्याने घेतलेच नाही तो फेडतो. नव्या गाडीच्या बाबतीत नवा नट आणून हे कर्ज फेडता येते. जिचे भाग पुन्हा ओतले जाणार नाहीत अशा जुन्या पेटीच्या बाबतीत मात्र ते कधीच फिटत नाही. जगातील तशा पेट्यांची संख्या एकाने कमी होते.

येथे तत्त्वज्ञानातील एका जुन्या विचाराची आठवण होते. अरिस्टॉटलने ‘निकोमाखसचे नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात कायदा आणि न्यायबुद्धी यांतील भेद सांगताना लेस्बॉसच्या गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. लोखंडी पट्टी आपली सरळ रेषा सोडत नाही; शिशाची पट्टी मात्र दगडाच्या आकाराप्रमाणे वळते. कायदा सर्वसामान्य असतो आणि प्रकरण विशिष्ट असते, म्हणून न्यायबुद्धीने त्या पट्टीप्रमाणे प्रकरणाला अनुसरले पाहिजे, असा त्याचा आशय. खास हत्यार हे याच न्यायबुद्धीचे लोखंडी रूप नव्हे काय? हातोडी सर्वांना एकाच मापाने वागवते. प्रतिदंड मात्र एका पेटीचे, एका गुच्छाचे माप घेऊन जन्माला येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची जी पाच कारणे सांगितली आहेत त्यांत कर्त्याच्या जोडीला ‘करण’ म्हणजे साधन हे स्वतंत्र गणले आहे आणि ते नानाविध असते असेही म्हटले आहे. ही नानाविधता सोयीसाठी आलेली नाही, वस्तूंच्या वेगळेपणामुळे आलेली आहे. ज्याच्यापाशी एकच हत्यार आहे तो समोरच्या वस्तूचे वेगळेपण नाकारूनच तिला हात लावू शकतो.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ज्याला रोजच्या कमाईवर चूल पेटवावयाची आहे त्या मिस्त्रीने एका गाडीसाठी दिवस मोडून हत्यार घडवत बसावे काय? गाडी अडकून पडल्याने मालक दारात उभा आहे, पुढच्या दोन गाड्या रस्त्यावर खोळंबल्या आहेत आणि हत्याराच्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. फुरसत असलेल्या हौशी माणसालाच जो नियम पाळता येतो तो नीतीचा नियम म्हणता येणार नाही. हा आक्षेप ‘मिस्त्री आळशी आहेत’ असे म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल.

परंतु आक्षेपाचे नीट पृथक्करण केले म्हणजे त्यातील दोष मिस्त्रीपाशी थांबत नाही असे दिसते. नळीचा तुकडा, लाकडी दांडा, तार यांना पैसा लागत नाही. तेथे गरिबीची सबब पुरेशी नाही. जेथे खरोखर दिवस मोडतो तेथे त्या दिवसाचे मोल देण्याची जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे. जुन्या गाडीचा अभिमान मिरवावयाचा, रंगाला आणि कातडी बैठकीला सढळ हाताने खर्च करावयाचा आणि पेटी उघडण्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस करावयाची, हा व्यवहार सर्रास दिसतो. जो मजुरी पाडून घेतो तो नकळत छिन्नीचे घाव विकत घेतो. साधनशुचितेची किंमत एकट्या कारागिराने सोसावी, असे म्हणणारा समाज शुचितेचा उपभोग घेऊ पाहतो आणि तिचा भार दुसऱ्यावर टाकतो. ‘या कामाचे हत्यार माझ्यापाशी नाही, म्हणून हे काम मी घेत नाही’ असे सांगण्याचा अधिकारही कारागिराला असला पाहिजे, आणि असे सांगणाऱ्याला आपण कमी न लेखता अधिक मानले पाहिजे.

दुसरा प्रश्न हत्याराच्या मालकीचा. कारखान्याने जेव्हा पेटी आखली तेव्हाच तिची हत्यारेही आखली होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या दुरुस्तीपुस्तकांत पानोपानी ‘१८जी’ या अक्षरांनी सुरू होणारे हत्यारांचे क्रमांक दिसतात. परंतु वाहन विकले गेले ते सर्वांना. हत्यारे मात्र मुख्यतः अधिकृत दुरुस्तीगृहांकडे गेली. पुढे कारखाने एकाचे दुसऱ्यात विलीन झाले. विलीस १९५३ मध्ये कैसरकडे, ती जीप १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेली. अशा प्रत्येक हस्तांतरात नाव टिकते, नफ्याची वाट टिकते. जुन्या पेटीच्या हत्यारांची पेटी मात्र कोठल्या तरी कोपऱ्यात गंजते. गोव्यात १९६१ पूर्वी युरोपातून थेट आलेल्या मोटारी होत्या. त्यानंतर तेथे भारतातील आयातीचे कडक निर्बंध लागू झाले आणि त्या मोटारी आपल्या कारखान्यांपासून एका अर्थाने पोरक्या झाल्या. वस्तू विकणाऱ्याचे तिच्या दुरुस्तीविषयी काही देणे उरते की नाही, हा प्रश्न आज जगभर ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने विचारला जात आहे. ते देणे उरते, असे मला वाटते. ज्याने कुलूप घडवले त्याने किल्लीचे माप तरी मागे ठेवावयास हवे.

या बाबतीत जीपच्या जुन्या मार्गदर्शिकेतील एक सूचना फार बोलकी आहे. गियरपेटीच्या मागची ट्रान्सफर केस अलग करताना मुख्य दंड तिच्याबरोबर ओढला जाण्याची भीती असते. तसे झाले तर आतले भाग पेटीच्या तळाशी कोसळतात. यावर मार्गदर्शिका सांगते की, दंडाभोवती एक साधी तार गुंडाळून तिची टोके पेटीच्या पुढच्या स्क्रूंना ताणून बांधावी. ज्यांनी ही पेटी आखली त्यांनाच ठाऊक होते की हे काम रानात, शेतात, कारखान्यापासून हजारो मैल दूर होणार आहे, आणि तेथे तारेवाचून दुसरे काही नसेल. ती सूचना लिहिणाऱ्याने अनोळखी वाचकाविषयी जी आस्था दाखवली, ती पुष्कळ उंची हत्यारांहून मोलाची आहे.

दुर्दैवाने ही आस्था इंग्रजीत राहिली आणि आपल्या मिस्त्रीपर्यंत डोळ्यांनी पाहून, हातांनी चाचपून जेवढी पोचली तेवढीच. बडोद्यास १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले, त्यामागे कारागिरीची विद्या देशी भाषांतून द्यावी ही दृष्टी होती. ती दृष्टी सार्वत्रिक झाली असती तर प्रतिदंडाला मराठीत नाव शोधण्याची वेळ आज आली नसती. विद्या भाषेत उतरली नाही म्हणजे ती हातापुरती उरते, आणि हातापुरती विद्या बहुधा गुप्त राखली जाते. स्वतः घडवलेले हत्यार फडक्यात गुंडाळून ठेवणारा मिस्त्री आपल्या पोटाचे रक्षण करत असतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या गाड्याच मोजक्या उरल्या आहेत त्यांच्या हत्यारांचे गुपित राखून फारसे पोट भरत नाही, आणि तो माणूस गेला म्हणजे विद्या मात्र नक्कीच जाते.

म्हणून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. एका कामापुरते हत्यार घडवणे हे कर्तव्य आहे, पण ते हत्यारासाठी नव्हे. भिंतीवर चकचकीत हत्यारे टांगून एकही पेटी न उघडणारा संग्राहक या कर्तव्यातून काहीच फेडत नाही. कर्तव्य आहे ते तिघांप्रत: ज्याने पूर्वी ही वस्तू विचारपूर्वक घडवली त्याच्याप्रत, ज्याने आज विश्वासाने ती आपल्या हाती दिली त्याच्याप्रत, आणि जो पुढे कधी ती उघडील त्याच्याप्रत. हत्यार हे या तिघांना जोडणारे माप आहे. म्हणून ते काम संपल्यावर फेकून देऊ नये. त्याच्यावर कोणत्या पेटीचे ते आणि त्याची जाडी-लांबी काय हे खिळ्याने का होईना कोरून ठेवावे, एखाद्या वहीत मराठीत लिहून ठेवावे, आणि कोणी मागितले तर द्यावे. खरा दंड येईपर्यंत सुया सांभाळावयाच्या आणि तो आला की बाजूला व्हावयाचे, एवढेच प्रतिदंडाचे काम. हाताने काम करणाऱ्या प्रत्येक पिढीचे कामही याहून फारसे निराळे नाही.